वलांडीवरच्या डिस्क
सुके बोंबील भाजल्याचा वास आला की मला अजून त्या डिस्क आठवतात. उरणला माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान, आणि सगळ्या बाजारात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बिल घेऊन विकत आणणारा मी एकटाच. एकदा कॉम्प्युटर बसला, नवा आणला, त्यात ते सॉफ्टवेअर टाकायला गेलो तर कपाटातल्या त्याच्या डिस्क गायब. त्या सापडल्या अंगणात. आईने बोंबील वाळवायच्या वलांडीला दोऱ्याने टांगल्या होत्या आणि खाऱ्या वाऱ्याने त्यांची चांदी सोलून निघाली होती. "कावले नाय येत आता," ती समाधानाने म्हणाली. कंपनीला फोन करून खोक्यावरचा नंबर वाचून दाखवला, बिल आहे म्हणून सांगितलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "डिस्क नसेल तर नवीनच घ्यावं लागेल, सर." शेवटी समोरच्या दुकानदाराकडे गेलो. माझ्या बिलाला आजवर हसत आलेल्या त्या माणसाने चोरीची कॉपी पेनड्राइव्हवर आणून माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिली, वर चहा पाजला. चहा संपायच्या आत स्क्रीनवर पत्रिका जुळायला लागली. आजही त्याच कॉपीवर दुकान चालतं. बिल मात्र मी जपून ठेवलंय, कुणी विचारलंच तर दाखवायला. अजून कुणी विचारलेलं नाही.