आग्नेसबाई काय म्हणाल्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझे बाकीचे गाढवपणे मी हौसेने सांगतो. एका मुलाखतीला दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गेलो होतो, तो किस्सा तर आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. पण हा नाही. हा सांगितला की कोणी हसणार नाही — मीसुद्धा.

मग आता का? परवा जुन्या कारखान्यातले आम्ही चार-पाच जण भेटलो. बोलता बोलता एकजण म्हणाला, आपल्याकडे भेदभाव कधीच नव्हता. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही, आणि हलवणारही नाही. भेदभाव होता. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो झाकायचं काम माझ्याकडे होतं.

हाटकेशला आमचा शर्ट शिवायचा कारखाना होता. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं, माल परदेशी जायचा. मी ऑफिसात. बी.ए. झालेला, तोही तिसऱ्या खेपेला — पण सबंध कारखान्यात इंग्रजी बोलणारा मी एकटा, त्यामुळे माझी कॉलर शिवून येणाऱ्या कॉलरपेक्षा ताठ.

चेकिंगला समुद्राकडच्या पाली गावातल्या चार बायका होत्या, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातल्या. त्यांत थोरल्या आग्नेसबाई. शिवणीवरून नुसता अंगठा फिरवून टाका कुठे सुटलाय ते सांगायच्या. या चौघी सगळ्यांबरोबर टेबलावर जेवत नसत, जिन्यावर बसत. त्यांच्या डब्याला माशांचा वास येतो अशी कुरकुर झाली होती, आणि जिन्यात हवा खेळती असते ही सूचना कोणाची? माझी. मी कोण? दर रविवारी उत्तनच्या बंदरावर जाऊन बोंबील आणणारा आणि बोटं चाटून खाणारा. कारखान्यात मात्र डब्यात बटाट्याची भाजी, आणि चेहरा असा की जन्मात काटा पाहिलेला नाही.

बरं, जिन्याचं सोडा. आग्नेसबाईंनी ज्यांना काम शिकवलं त्या मुली एकेक करून सुपरवायझर झाल्या. बाई तिथेच. त्या वर्षी ती जागा पुन्हा रिकामी झाली आणि त्यांनी अर्ज दिला. मीच लिहून दिला होता — माझं अक्षर चांगलं. शेठने मला विचारलं, जिन्यावर जेवणारीचं टेबलावरच्या बायका ऐकतील का? मी विचारात पडल्यासारखं केलं आणि म्हणालो, कठीण आहे.

हीच माझी कबुली असं वाटतंय ना? असती तर बरं झालं असतं.

त्याच महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाकडून एक मॅडम तपासणीला आली. इथे बायकांना, वेगळ्या धर्माच्यांना, सगळ्यांना सारखं वागवतात का, ते ती बघणार होती. दुभाषा अर्थात मी. त्या दिवसापुरता मेव्हण्याचा टाय आणला होता — तयार गाठीचा, मागे इलॅस्टिक असलेला. दोन मुलींना आम्ही उत्तरं पढवून ठेवली होती. मॅडमने त्यांच्याकडे बघितलंही नाही. सरळ आग्नेसबाईंकडे बोट केलं. शेठला केबिनबाहेर थांबवलं, दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच.

मॅडमने विचारलं. मी मराठीत विचारलं. आग्नेसबाईंनी पदराला हात पुसले आणि मॅडमकडे नाही, माझ्याकडे बघून बोलायला लागल्या.

"सर, नीट सांगा हां तिला. नऊ वर्सं झाली मला हितं. मी शिकवल्या त्या पोरी माज्यावर बसल्या. आमी मासं खातो म्हणून आमचा डबा जिन्यावर. आता जागा हाय, तर ती मला का न्हाय? काम येत न्हाय म्हणा, मी गप बसंन. पण कारण तोंडावर सांगा."

आणि मी सांगितलं. आयुष्यात एवढं अस्खलित इंग्रजी मी पुन्हा बोललो नाही. सांगितलं, या म्हणतात — नऊ वर्षं झाली, आम्ही एका घरच्यासारखे राहतो, काही तक्रार नाही.

मॅडम वेडी नव्हती. म्हणाली, एवढं लांब बोलल्या आणि अर्थ इतकाच? मी हसलो. म्हणालो, आमची भाषा जरा पाल्हाळिक आहे. तीही हसली. तिने लिहून घेतलं. उठून आग्नेसबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. बाईंचे डोळे भरून आले. बाहेर जाऊन त्यांनी तिघींना सांगितलं, सगळं लिवून घेतलं तिनं.

त्यानंतर दर सोमवारी त्या मला विचारायच्या, सर, काय कळलं का? मी सांगायचो, मोठ्या कंपन्या, वेळ लागतो. दोन महिन्यांनी जागा एका बावीस वर्षांच्या मुलीला मिळाली. कारखान्याला प्रमाणपत्र मिळालं, मला वेगळी केबिन. आग्नेसबाई त्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गोरी बी तसलीच निंगाली." मी काय केलं? मान डोलावली. जिने त्यांचं ऐकायला दार लावून घेतलं होतं, तिच्यावर मी ते ढकललं — शांतपणे, चहा पीत.

नोकरी होती, लहान मुलं होती, तेव्हा सगळीकडे असंच चालायचं — हे कोणी माझ्या वतीने बोलू नका. मला धमकी नव्हती. शेठ दाराबाहेर होता. खरं सांगितलं असतं तर फार तर टाय परत करावा लागला असता.

पुढच्या वर्षी पालीची एक नवी पोर चेकिंगला लागली. सुपरवायझर तिला सगळ्यांसमोर नाक दाबून दाखवायची. पोर म्हणाली, ती मॅडम येईल तेव्हा मी सांगणार. आग्नेसबाईंनी तिला बाजूला घेतलं. मी तिथेच उभा होतो. "काय उपेग न्हाय गं," त्या म्हणाल्या. "मी सांगून बगितलं."

मॅडम आली. या खेपेला तिने पाच बायकांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. ती पोर होती, आग्नेसबाई होत्या. पाचही जणी म्हणाल्या, काही तक्रार नाही. मी पाचही वेळा शब्द न् शब्द भाषांतर केलं. त्या दिवशी मला एकदाही खोटं बोलावं लागलं नाही.