कुणी हलू नका

लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली तेव्हा माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालणारा. खिडकीखाली अण्णा, म्हणजे माझे वडील, उभे होते. भूकंपाला दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत मी एकदाही स्लॅबखाली झोपले नव्हते. "जा तू," अण्णा म्हणाले. "जिथं झोप लागंना तिथं राहून काय करतीस? मी हाय हितं." मला वाटलं होतं, ते अडवतील. अडवलं नाही याचं बरंही वाटलं आणि औसा नाका मागं पडेपर्यंत रडूही आलं.

तुमच्यातल्या काहींना आमचं कॉम्प्युटर मंडळ आठवत असेल. खाजाभाईंच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दर रविवारी आम्ही जमायचो. गणिताचे मास्तर अण्णा, खाजाभाई, औशापलीकडच्या खेड्यातून एसटीनं येणारे एक गुरुजी, आणखी तिघं-चौघं, आणि मी एकटी बाई. प्रोग्रॅम कॅसेटवरून आत जायला पाच-सात मिनिटं लागत. मध्येच टेबलाला धक्का बसला की सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अण्णांनी प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी कॅसेटवर स्वतःच्या आवाजात बजावून ठेवलेलं असे, "कुणी हलू नका." खाजाभाई तर टेबलावर तांब्या ठेवून त्यावर स्टीलचा पेला पालथा घालायचे, कुणी हललं की पेला वाजून चोर सापडायचा. आम्ही हसायचो.

भूकंपानंतर अख्ख्या लातूरनं उशाशी तशीच भांडी रचली. गुरुजी त्यांच्या घराखालून निघालेच नाहीत. त्यांची खुर्ची बघायला नको म्हणून असेल, मंडळात पुन्हा कुणी गेलं नाही.

नांदेडला मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले आणि बघता बघता 'मॅडम' झाले. लोह्याची, उमरीची पोरं, बॅचेस, टेस्ट सिरीज, रिपीटरचे रडवेले पालक, यात वर्षं गेली. फळ्यावर लाटा काढून त्या कशा पुढं सरकतात ते मी मजेत समजावते, पण बाहेरून ट्रक गेला की माझा खडू थांबतो. घर तळमजल्याचंच घेतलं. कुठंही जिना चढले तर पायातली चप्पल काढत नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, पळायला बरी. आणि एक सांगूनच टाकते. अण्णा गेले तेव्हाही मी घरात शिरले नाही, अंगणातच बसून राहिले. त्याची शरम अजून आहे.

गेल्या वर्षी खाजाभाईंच्या मुलीनं, शबानानं, मंडळ पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलं. ती लातूरला कॉलेजात शिकवते. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून भागणार नाही, म्हणाली, जुनी मशीनं घेऊन समोरासमोर बसायचं. जागा? तीच खोली. आता त्या इमारतीला आणखी दोन मजले चढलेत आणि वर कोचिंग क्लास आहे. मी नाही म्हणाले. मग खाजाभाईंचा फोन आला. "ताई, अण्णांची कॅसेट माझ्यापाशी हाय. पण त्यातला प्रोग्रॅम फक्त तुमच्या मशीनवर चालतो. एकडाव या."

अण्णांचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठंच नाही. मी मशीन घेऊन गेले.

दाराजवळ बसावं म्हटलं तर तिथल्या खुर्च्या जुन्या मंडळींनी आधीच पटकावलेल्या. बाहेर सगळ्यांच्या चपला, माझ्या तेवढ्या पायात. छताकडे बघायचं नाही असं ठरवून मी छताकडेच बघत होते. खाजाभाईंनी सवयीनं पेला ठेवला, कॅसेट लावली. खरखर झाली आणि अण्णा म्हणाले, "कुणी हलू नका." माझे डोळे भरून आले.

दोन मिनिटांनी पेला वाजायला लागला. मग खाली पडला.

जिना कसा उतरले, माहीत नाही. रस्त्यावर पोचले तर गुडघ्यांनी हैराण झालेले खाजाभाई माझ्या आधी तिथं उभे. बाकीचे जुने चौघंही. सगळे अनवाणी, तोंडं पांढरीफटक. वरून नव्या पिढीची डोकी खिडकीत जमली. "अब्बा, काय झालं?" शबाना ओरडली. मग तिनंच सांगितलं, "काहीच न्हाई हो, वरची बॅच सुटली!" आणि खरंच, दोन-तीनशे पोरं धाडधाड जिना उतरत बाहेर येत होती.

नांदेडला मी अशी अंगणात धावले की शेजारी विचारतात, काय झालं मॅडम? तीस वर्षं मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. त्या रस्त्यावर आम्हा सहा जणांत कुणी कुणाला काही विचारलं नाही. खाजाभाईंनी फक्त माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही शहाण्या, ताई." मग आम्ही हसलो, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. घर कुठलं असं कुणी विचारलं तर आता मी हा रस्ता सांगेन.

धक्क्यानं प्रोग्रॅम बिघडला होता. पुन्हा पहिल्यापासून. आम्ही सहाही जण कठडा धरून जिना चढलो. दाराशी थांबले, अण्णांचा आवाज आत सुरू झाला होता. मी चप्पल काढली.