उलटं वाढलेलं ताट

टीव्हीच्या मालिकांत मी इतक्या सासवा केल्या की बाजारात भाजीवालीसुद्धा मला बघून पदर सावरते. मुलाखतीला येणाऱ्या पोरी विचारतात, "मॅडम, तुमचं पहिलं कौतुक कुणी केलं?" मी कुठल्यातरी दिग्दर्शकाचं नाव ठोकून देते. खरं सांगायचं तर भूमचं सांगावं लागेल, आणि मग भूम कुठं आहे इथपासून सुरुवात. तेवढा वेळ त्यांना नसतो आणि तेवढा धीर मला नाही. मी मुळातच तापट. चहा गार झाला तरी भांडते.

आमचे अण्णा भूमच्या तहसील कचेरीत कारकून होते. निजामाचं राज्य होतं तोवर उर्दूत लिहायचे, राज्य गेलं तसं त्याच टाकानं मराठीत लिहू लागले. आई जवळच्या ईट गावची, शेतकऱ्याची लेक. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, आणि जन्मानं डावरी.

त्या डाव्या हाताचा आईला भारी राग. "डाव्या हातानं खाणारीला सासरी कोण उंबऱ्यात उभं करील?" म्हणायची. जेवायला बसले की हाताला चिंधी गुंडाळायची. चिंधी सोडून हात पुढं आलाच तर लाटणं. मी रडायचे, ती मारायची, आणि मग तीच रडायची. शाळेत जायला लागेपर्यंत माझा डावा हात सगळं विसरला. भाकरी मोडणं, पाटीवर लिहिणं, केस विंचरणं, सगळं उजव्यानं. आईनं गड जिंकला.

बार्शीचा एक फोटोवाला भूमच्या आठवडी बाजारात यायचा. मागं पडदा टांगायचा, पडद्यावर तळं आणि तळ्यात हंस. आमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि पडद्यावर हंस पोहतायत. स्थळांना दाखवायला फोटो पाहिजे म्हणून अण्णांनी मला तिथं नेलं. हातात पितळी कळशी घेऊन मी उभी राहिले. स्थळं राहिली बाजूला. त्या फोटोवाल्यानं एक प्रत केसाच्या तेलाच्या व्यापाऱ्याला दाखवली आणि पुढच्या साली मी कॅलेंडरावर आले. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. किराणा दुकानात मी, शिंप्याकडं मी. अण्णा दाढी करायला न्हाव्याकडं गेले तर आरशाच्या वर मीच, कळशी घेऊन. अर्धी दाढी तशीच ठेवून ते घरी आले.

स्थळं यायची थांबली. "न्हाव्याच्या दुकानात टांगलेली पोर" असं माझं नाव पडलं. तेव्हा पुण्याची आत्या, विधवा, मुलींच्या शाळेत मास्तरीण, मला घेऊन गेली. चार दिवस डोळ्याआड राहील म्हणून अण्णांनी पाठवलं. पण कॅलेंडर काही पुणं सोडून नव्हतं. एका चित्रकारानं ओळखलं, आत्याला विचारून समोर बसवलं. साबण, साड्या, अगरबत्ती. मी नुसती उभी राहायची. मान अवघडायची, पाय सुजायचे, हसू मात्र गालावरून हलू द्यायचं नाही. तिथून सिनेमात गेले. आधी घोळक्यात, मग नायिकेची मैत्रीण. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दिव्यांच्या उजेडात उभं राहिलं की वाटायचं, इथं तरी मला बघून कुणी मान फिरवत नाही.

अण्णा एकदाच पुण्याला आले. आत्याच्या ओसरीवर बसून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "धाकटीचं लगीन होईस्तवर तू भूमला येऊ नकोस. तुझ्यापायी तिचं नको अडायला." मी म्हणाले, "बरं, अण्णा." एरवी मी शब्दाला शब्द देणारी, पण त्या दिवशी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला. आईला लिहिता येत नव्हतं. दिवाळ्या गेल्या, संक्रांती गेल्या. आत्या शाळेत गेली की आमच्या खोलीत मी आईसारखं बोलून बघायची, स्वतःशीच, "जेवलीस का गं?" असं. पण आवाज काही जमायचा नाही. नकला करायचे पैसे मिळत होते मला, आणि आईची नक्कल येईना. फार एकटं वाटायचं तेव्हा. आजही ती खोली आठवली की नको वाटतं.

मग एक बरा सिनेमा मिळाला. मी घरातली मधली सून. एका प्रसंगात सगळ्यांची पंगत उठल्यावर ही सून एकटी चुलीपाशी बसून जेवते. दिग्दर्शक म्हणाला, "घरी जेवता तशाच जेवा." मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. उजव्या हातानं भाकरी मोडली, कोरड्यासात, म्हणजे आमच्याकडच्या पातळ भाजीत, बुडवली, आवाज न करता खाल्ली. कॅमेऱ्यासाठी नव्हतं ते. आईसाठी होतं. तिनं एकदा बघावं आणि म्हणावं, व्हय, ही माझी लेक, हिला म्या वळण लावलंय. एवढंच मला पाहिजे होतं. बाकी नाव, पैसा, माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

काही महिन्यांनी कळलं की तोच सिनेमा घेऊन फिरत्या टॉकीजचा तंबू भूमला लागलाय. आत्यानं बजावलं होतं, अण्णांनी बजावलं होतं. मी बार्शीला उतरून भूमची एस.टी. धरली आणि दिवे लागायच्या वेळेला गावात उतरले. ज्या गावात वाढले तिथं तोंडावर पदर ओढून चालत होते.

आमच्याकडं तंबूची एक रीत होती. गडीमाणसं पडद्यासमोर बसायची आणि जनाना पडद्याच्या मागं. पातळ कापडातून चित्र दोन्हीकडं सारखं दिसतं, मग बायामाणसांवर कुणाची नजर कशाला, असा हिशेब. मुसलमानांच्या बाया, आमच्या बाया, सगळ्या तिकडंच. मागून सिनेमातल्या नावांच्या पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची, पण वाचणारी होती कोण? मी लहानपणी त्याच बाजूला बसून सिनेमे पाहिलेले. तरी त्या रात्री ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं, बघा.

आत शिरले आणि समोरच आई दिसली. पाठमोरी. केस पांढरे झाले होते. तिच्या शेजारी एक जाडजूड बाई. मी त्यांच्या मागं, एक रांग सोडून, खाली सतरंजीवर बसले. ती बाई बोलत होती, "लोक म्हणतेत, सिनेमातली ती तुमची थोरली हाय. म्हनलं, आपल्याच डोळ्यानं बघू. बेंबळीला उद्या काय ते सांगावं लागंल मला." मग मला उमजलं. धाकटीला बेंबळीचं स्थळ सांगून आलंय हे आत्याकडून कानावर आलं होतं. ही त्या मुलाची मावशी. भूमलाच दिलेली. आईला तंबूत आणलं होतं ते सिनेमा दाखवायला नव्हे, पारखायला.

"बघू की," आई म्हणाली. माझ्या आईचा आवाज. इतक्या दिवसांनी.

सिनेमा सुरू झाला. मी पडद्यावर आले तशी मावशी पुढं सरकली. "हीच व्हय?" माझ्या डाव्या गालावर तीळ आहे, चांगला वाटाण्याएवढा. पडद्यावर तो उजव्या गालावर होता. मग कळलं, आपण मागून बघतोय. मावशी म्हणाली, "तुमच्या पोरीचा तीळ डावीकडं व्हता की. कॅलेंडरवर म्या पाहिलेला." "पदर बी उलट्या खांद्यावर हाय हिचा. कुठली बाई हाय काय की." पदर पडद्यावरच्या सगळ्याच बायांचे उलटे होते, पण ती फक्त मलाच बघत होती.

मग चुलीपाशी जेवण्याचा प्रसंग आला. पडद्यावर मी भाकरीकडं हात नेला. डावा हात. डाव्या हातानं भाकरी मोडली, डाव्या हातानं घास तोंडात. जनान्यात खसखस पिकली. मावशी तर मांडीवर हात मारून हसली. "अगं बया, डाव्या हातानं जेवती ही! वळण हाय का काय घरचं? न्हाय हो वैनी, ही तुमची न्हाय."

आई पडद्याकडं बघत होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मग म्हणाली, "न्हाय. माझी न्हाय ती."

मी कितीतरी मरणाचे प्रसंग केलेत पुढं. त्या रात्रीसारखं मला कधी झालं नाही. वाटलं, आता उठावं, एस.टी. स्टँडवर जाऊन बसावं आणि मिळेल त्या गाडीनं निघून जावं. जिच्यासाठी जेवले, तिनंच नाकारलं. तेही तिनंच शिकवलेल्या हातापायी.

सुटताना तंबूच्या तोंडाशी गर्दी झाली. ढकलाढकलीत माझा पदर घसरला. वर पेट्रोमॅक्स जळत होता आणि समोर आई. तिनं मला पाहिलं. परक्या बाईकडं बघावं तसं पाहिलं, आणि मान वळवून मावशीबरोबर चालू लागली. मी मागं मागं चालत राहिले. दुसरं काय करणार? मावशी तिच्या गल्लीत वळली. जाताना म्हणाली, "उद्या सांगते मी बेंबळीला. तुमी निवांत ऱ्हावा." आई पुढं चालत राहिली आणि मागं न बघता, रस्त्याशी बोलावं तशी बोलली.

"परसाच्या दारानं ये. तुझे अण्णा उस्मानाबादेला गेलेत."

परसाचं दार तिनं आतून उघडलं. मी आत गेले. धाकटी माजघरात झोपली होती, केवढी मोठी झालेली. आईनं मला जवळ घेतलं नाही, विचारपूस केली नाही. चुलीवरून तवा उतरवलेला होता, तो परत ठेवला, एक भाकरी थापली आणि माझ्यापुढं ताट वाढलं.

मी ताटाकडं बघितलं आणि रागच आला. आमच्या घरात ताट वाढायची शिस्त मोठी. भाजी उजव्या अंगाला, चटणी-मीठ डाव्या अंगाला. आईनं सगळं उलटं वाढलं होतं. इतकी परकी झाले का मी, की वाढायचंही धड नाही? मी ताट फिरवायला हात लावला. आईनं माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या हाताला सोयीचं वाढलंय."

मला काही कळेना. ती चुलीकडं तोंड करून बसली.

"जेवताना बघितलं आन् वळखलं मी तुला. दुसऱ्या कशानं न्हाय. तीळ फिळ काय रंगवत असतील ते तिकडं. पर तू डाव्या हातानं जेवलीस." तिनं चुलीतली लाकडं आत सारली. "म्या लई मारलं तुला त्या हातासाठी. आता तिथं कुणी मारायला न्हाय, तवा तू आपला हात परत घेतलास. बरं केलंस, बाय. लोकांत मी 'माझी न्हाय' म्हनाले. धाकटीचं बघावं लागतं. पर मनातनं लई बरं वाटलं मला."

माझ्या ओठावर होतं सगळं. आई, ती पडद्याची मागची बाजू गं. मी उजव्याच हातानं जेवले, तुला दाखवायला जेवले. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिनं ज्या खुणेनं मला ओळखलं ती खूणच मी तिच्याकडून काढून घेतली असती.

मी डावा हात पुढं केला. बोटांना काही आठवेना. भाकरी वेडीवाकडी तुटली, कोरड्यास मनगटावर ओघळलं. लहान पोरासारखी सांडत, लवंडत जेवले. आई आता माझ्याकडं तोंड करून बसली होती आणि बघत होती. "सावकाश," म्हणाली. "कुणी घेऊन न्हाय चाललं." आणि मग तो आवाज, जो मला पुण्याच्या खोलीत कधी जमला नव्हता, "जेवलीस का गं पोटभर?"

पहाटेच्या गाडीनं मी परत गेले. धाकटीचं लग्न बेंबळीला झालं. मी नव्हते लग्नाला. पुढं अण्णा निवळले आणि माझं जाणं-येणं सुरू झालं. आई होती तोवर त्या घरात ताट माझ्यापुढं उलटंच वाढलं जायचं आणि मी डाव्या हातानं जेवायची. धाकटी विचारायची, "अक्का, तू डावरी कधीपासून गं?" आई परस्पर सांगायची, "जन्मापासून."

कामावर आजही मी उजव्या हातानं जेवते. घरी मी एकटीच असते. ताट मीच वाढते, उलटं वाढते. समोर बसून बघणारं कुणी नाही. पण आता तो हात सांडत नाही.