बायझंटाईन ही शिवी नव्हे

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये डॉ. खांबेटे पोळीभाजी हातानं खायचे आणि समोर काट्यानं मटार टिपणाऱ्या गोऱ्या सर्जनचं प्रबोधन करायचे. मी नवा ज्युनियर होतो, पहिल्याच दिवशी ऐकलं. "तुमचे पूर्वज दोन्ही हातांनी हाडं चघळत होते, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलची राजकन्या काटा घेऊन व्हेनिसला सासरी आली. देवानं बोटं दिलेली असताना ही कसली थेरं, म्हणून धर्मगुरू तिच्यावरच उखडले!" मग माझ्याकडे वळून मराठीत, "आणि आता हे आपल्याला टेबल मॅनर्स शिकवतात."

खांबेटे भूलतज्ज्ञ. बायझंटाईन साम्राज्यावर बोलायला लागले की औषधाची गरज पडत नसे. कायदे, रेशीम, घुमट, सगळं युरोपनं कॉन्स्टँटिनोपलच्या त्या ख्रिस्ती साम्राज्याकडून उचललं, असं त्यांचं म्हणणं. "आणि वर त्याच्याच नावाची शिवी केली!" इंग्रजीत किचकट, कपटी कारभाराला 'बायझंटाईन' म्हणतात ना, त्यावर त्यांचा राग. कुणी तो शब्द वापरला की कुणीतरी आईवरून बोलल्यासारखे ते तापत. हॉस्पिटलातल्या सभ्य लोकांना हे कळल्यावर तो शब्द अर्थातच रोज वापरला जाऊ लागला.

अकरा वर्षं ते कन्सल्टंटचं, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या कायम डॉक्टरचं काम करत होते, कन्सल्टंट न होता. सत्याऐंशी साली चौथा इंटरव्ह्यू आला. मी हात जोडले. "अहो, आज इतिहास नको. नुसते हसा."

चेअरमन सुरुवातीलाच म्हणाले, "आमची निवडपद्धत जरा बायझंटाईन आहे हं, डॉक्टर."

"नाही सर," खांबेटे म्हणाले. "नॉर्मनांनी इंग्लंड घेतल्यावर तुमचीच माणसं नोकरीसाठी कॉन्स्टँटिनोपलला गेली. सम्राटानं त्यांना स्वतःचे अंगरक्षक केलं. तिथे परदेशी माणसाला बढती मिळायची."

खांबेट्यांना मिळाली नाही. पत्रात 'टीममध्ये मिसळण्याची क्षमता' असं काहीतरी छान लिहिलं होतं. वहिनी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते मला म्हणाले, "एकच वाक्य होतं रे, गिळता आलं असतं. पण घशाखाली उतरेना."

पुढे सहा वर्षांनी रीडिंग गावच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू ठरला. आदल्या दिवशी खांबेट्यांचा फोन आला. "हे बघ, तो शब्द निघालाच तर हस. मनापासून हसल्यासारखं हस. तुझ्या पोरी लहान आहेत. माझ्या वाटेला जाऊ नकोस."

कमिट्यांचे विनोद बदलत नाहीत. शब्द निघाला. मी हसलो, चेअरमनपेक्षाही मोठ्यानं. पोस्ट मला मिळाली.

रविवारी खांबेटे साउथॉलहून बर्फी घेऊन घरी आले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास, मिस्टर कन्सल्टंट!" तू हसलास का, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते तासभर बसले, आणि मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच नुसते हवामानावर बोलले.