लिंक भरली, मॅडम

पालीच्या बाजारातून रिक्षाने वर गेलं की सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, एक शाळा लागते. पहिली ते चौथी असे चारी वर्ग एकाच खोलीत आणि शिकवायला एकटी पद्मजा. पूर्वी शिक्षक दोन होते. श्रीपती गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणीतरी येणार असं वरचे लोक सांगत राहिले आणि पद्मजाने वाट बघणंही हळूहळू सोडून दिलं.

गुरुजी काही मोठे विद्वान नव्हते. पण शाळा सुटल्यावर बाजारापर्यंत चालताना दोघांचं बोलणं व्हायचं. आज कोणाला भागाकार का जमला नाही, कोण वाचताना कुठे अडखळतं. ते बोलणं बंद झालं तेव्हा पद्मजाला कळलं की आपण दिवसभर मुलांच्या गराड्यात असतो आणि तरी अगदी एकट्या असतो. घरी नवरा होता, भला माणूस होता. पण मोहोर गळायला लागलेल्या बागायतदाराला भागाकाराचं काय पडलेलं असणार?

म्हणून ती मोबाईलवर शोधायला लागली. शिक्षकांना शहाणं करणाऱ्यांचा इंटरनेटवर काय तोटा! निम्मे नुसते प्रमाणपत्राचं गाजर दाखवणारे. एका व्हिडिओत तर सनई आणि मान्यवरांची नावं संपेपर्यंत तिचा चहा पिऊन झाला. परदेशी कोर्स चांगले होते, पण त्यांच्या वर्गातली सगळी मुलं एकाच इयत्तेची. ती तांदूळ निवडावेत तशी निवडत बसे. सापडलेली गोष्ट आधी वर्गात करून बघायची, जमली तरच ठेवायची, हा तिचा शिरस्ता.

अशातच तिला एक छोटा कोर्स सापडला. चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी मुलाला विचारा, हे कसं काढलंस? एवढंच त्याचं सांगणं. तिसरीतल्या ईशाने बेचाळीसातून सतरा वजा करून पस्तीस लिहिले होते. पद्मजाने विचारलं, तशी ती म्हणाली, "बाई, दोनातून सात जात नायत. मग मी सातातनं दोन काढले."

पद्मजा बघतच राहिली. इतकी वर्षं जिच्यावर डोळे मिटून फुली मारली, त्या चुकीमागे एवढा सरळ विचार होता! तिला इतका आनंद झाला की कधी एकदा कोणाला सांगते असं झालं. पण सांगणार कोणाला? खोलीत ती आणि मुलं.

त्या संध्याकाळी तिने शिक्षकांच्या ग्रुपवर त्या कोर्सची लिंक टाकली. 'फार उपयोगी आहे, बघून कळवा, बोलू या,' असं खाली लिहिलं. धडाधड उत्तरं आली.

'लिंक भरली, मॅडम.'

'भरली.'

'शेवटची तारीख कोणती?'

पद्मजाने कपाळाला हात लावला. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! रोज कसली ना कसली माहिती भरायची लिंक येते. ती उघडून वाचायची असते, हे बिचारे विसरून गेले होते. काहींनी तर न उघडताच 'भरली' लिहिलं होतं.

तरी तिने चिकाटी सोडली नाही. तिने इंटरनेटवरची अशी पारखलेली पाच-सहा ठिकाणं निवडली आणि त्यांच्याबद्दल बोलायला रविवारी सकाळी दहाला ऑनलाइन गप्पा ठेवल्या. ज्याला वाटेल त्याने यावं, एवढंच तिचं म्हणणं. केंद्रप्रमुखांनी कौतुकाने त्याखाली लिहिलं, 'सर्वांनी उपस्थित राहावे.'

रविवारी पडद्यावर एकामागून एक नावं उगवू लागली. तीसच्या वर माणसं! पद्मजाने चांगली साडी नेसली होती, ते सार्थकी लागलं. कॅमेरे सगळ्यांचेच बंद होते, पण असू देत. तिने मनापासून सांगितलं. ईशाची वजाबाकी सांगताना तर ती श्रीपती गुरुजींशी बोलावं तशी मोकळी झाली.

"तुमच्याकडे कोणी असं केलंय का?" तिने विचारलं.

तिने पुन्हा विचारलं. नावं होती तशीच होती. नेट अडकलं असेल म्हणून तिने तपासलं. ते नीट चालू होतं.

एवढ्यात एक माईक उघडला. ग्रुपमधल्या विनोद गुरुजींचा. पद्मजाचा जीव भांड्यात पडला. विनोद चौकस माणूस, नक्की काहीतरी विचारणार! पण कानावर आला तो मिरकरवाड्याच्या मासळीबाजाराचा कालवा. रविवारी सकाळी दहाला गप्पा ठेवणाऱ्या बाईच्या घरी मासे शिजत नाहीत, हे यावरून कळावं. विनोदचा फोन शर्टाच्या खिशात होता आणि तो सुरमईला हात लावून भाव पाडत होता.

"सर," पद्मजा म्हणाली, "ऐकू येतंय का?"

"ओ गुरुजी," कोळीण म्हणाली, "खिशातनं कोण बाय बोलत्ये?"

"कोण नाय गो," विनोद म्हणाला. "ट्रेनिंग आहे ता. तू कापून दे."

पद्मजाला रडू आलं. कॅमेरा चालू असलेली ती एकटीच, म्हणून तिने ते आवरलं. मग तिने विनोदचा माईक बंद केला आणि पडद्यावरच्या बंद खिडक्यांकडे बघत पुढचा मुद्दा सांगायला घेतला.