कूलरचं तोंड कुणाकडे

आमच्या खानदेशात उन्हाळ्यात कुणी घरी आलं की त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देतात आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवतात. घरची माणसं घामानं निथळली तरी चालतं, आलेल्याला वारा लागला पाहिजे. धुळ्याच्या आमच्या घरातला कूलर लोखंडी स्टँडवर आहे. त्याचं एक चाक फिरत नाही, त्यामुळे फरशीवर ओरखडे उठतात.

माझं जळगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माय धुळ्याला एकटी राहते. मी नेलं तर येत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार आग्रह करत नाही. काही वर्षांपूर्वी तिला ऐकू येईनासं झालं. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखते. मोबाइलवर माझा चेहरा तिला नीट दिसेना, म्हणून दिवाळीत मी दुकानातलं एक जुनं मशीन मोठ्या स्क्रीनसकट तिच्याकडे नेऊन बसवलं. रोज दुपारी दोन वाजता, जेवणं आटोपली की आम्ही एकमेकांना बघायचो. मशीन चालू झालं हे तिला ऐकू यायचं नाही. ती बटण दाबायची, कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायची आणि आतल्या पंख्याची थरथर लागली की खुर्चीत बसायची.

तो पंखा मात्र माझ्या कानात घुमायचा. जुना, दणकट पंखा. मायच्या बोलण्यामागे सतत घूं घूं. संक्रांतीला धुळ्याला गेलो तेव्हा मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून मी तो सगळ्यात शांत वेगावर लावून टाकला. दोन मिनिटांचं काम. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी होती, प्रोसेसर गारेगार होता. चहा पिऊन, तिळगूळ खाऊन मी परत आलो.

त्यानंतर एकदा माय स्क्रीनवर म्हणाली, "भाऊ, हाई आते हालत नही. नुसतं तापस."

मी हसलो. म्हणालो, "चांगलं आहे ना, म्हातारपणी त्यालाही शांतता हवी." कामधंद्याच्या भाषेत सांगायचं तर तिनं मला बिघाडाची पूर्ण तक्रार एका ओळीत दिली होती: पंखा थरथरत नाही, डबा तापतो. हेच एखादं गिऱ्हाईक म्हणालं असतं तर मी त्याला दहा प्रश्न विचारले असते. मशीन कुठे ठेवलंय, शेवटचं कधी साफ केलं, किती वेळानं बंद पडतं. मायला एकही विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चैत्र सरला आणि मशीन मध्येच बंद पडू लागलं. आधी अर्ध्या तासानं, मग दहा मिनिटांत. मायचा चेहरा एकदम नाहीसा व्हायचा. मी समोरच्या अक्कांना फोन केला. अक्का आमच्या गल्लीतल्याच, मायच्या वयाच्या, तिला खाणाखुणांनी सगळं समजावून सांगणाऱ्या. दुकानात गर्दी होती, एका हातात पेचकस होता. मी म्हणालो, "काही नाही अक्का, ते गरम होतंय. मायला सांगा, त्याला जरा वारा लागू दे."

एवढंच. पुढचे आठ-दहा दिवस मशीन थोडं बरं चाललं. मग एका दुपारी दोन वाजून गेले तरी माय दिसेना. तीन वाजता अक्कांचा फोन आला. माय खुर्चीवरून खाली पडली होती, अंग तव्यासारखं तापलं होतं, गल्लीतल्या लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

बसनं पारोळ्यावरून धुळ्याला जाताना खिडकीतून भट्टीचा जाळ यावा तशी झळ येत होती. त्या प्रवासात मी काय काय विचार केले ते लिहिणार नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागलंय, थोडक्यात निभावलं. "घरात कूलर नाही का?" त्यांनी विचारलं. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "आहे की, मोठा आहे."

सलाइन लागली. तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे होतं. नुसतं वळवलेलं नव्हतं, डब्यापासून हातभर अंतरावर नेऊन ठेवलं होतं, आणि फरशीवर तिथपर्यंत ताजा ओरखडा होता. मायची खुर्ची बाजूला, भिंतीशी, पत्र्याच्या गरम छपराखाली. तिथे वाऱ्याची झुळूकही पोचत नव्हती. बादल्या भरभरून ती कूलरमध्ये पाणी ओतत होती आणि सगळा गारवा त्या डब्याला देत होती.

मी तिला कॉटवर निजवलं, कूलर तिच्याकडे फिरवला आणि मशीन उघडलं. आमच्या घराला लागूनच गाद्या भरण्याचं दुकान आहे, कापसाचे तंतू सदा हवेत असतात. ते पंख्यात ओढले जाऊन प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये बसले होते, आणि त्यांच्यावर कूलरची ओली हवा. सगळं मिळून चिखलाचं लिंपण केल्यासारखा थर झाला होता. मी तो ब्रशनं खरवडला. मऊ, ओलसर, राखाडी. इतकी मशीनं साफ केली, पण कधी रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी नवी पेस्ट लावली, पंखा पुसला. मग सेटिंग उघडली आणि मीच निवडलेला तो शांत वेग समोर आला. ज्या घरात आवाज ऐकायला कुणी नव्हतं, त्या घरात मी पंख्याचा आवाज बंद केला होता. जळगावात बसून मला कटकट नको म्हणून.

मी डब्यावर वाकूनच पुटपुटलो, "माय, चूक माझी होती." तिच्याकडे पाठ होती. तिला ते कळणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी तसं बोललो होतो. स्वतःचीच लाज वाटली. मग वळलो, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि सावकाश, ओठ नीट हलवत सगळं सांगितलं. पंखा मी हळू केला. मला आवाजाचा त्रास व्हायचा. त्यामुळे मशीन तापलं.

शेवटच्या शब्दापर्यंत ती माझ्या ओठांकडे पाहत होती. मग म्हणाली, "तुले तरास व्हये ना? मंग बरं कयं."

बरं केलंस, म्हणे! मी पंखा पूर्ण वेगावर टाकला. घरभर घूं घूं सुरू झालं. तिचा हात धरून डब्यावर ठेवला. तिच्या तोंडावर हसू आलं. "आते हालस," ती म्हणाली.

मग मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर चाक फरशीवर घासल्याचा आवाज आला. धावत आलो तर माय भिंतीला धरून उभी होती, आणि तिनं कूलरचं तोंड माझ्या रिकाम्या खुर्चीकडे वळवलं होतं.