कामशेतला गाडी किंचित झुकली

लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात गूळ आणि शेंगदाणे वजन करून उतरवून घेण्याचं काम मी बावीस वर्षं करतोय. जे काट्यावर चढत नाही, ते माझ्या लेखी नसतंच. आमच्या मावळात चकव्याच्या, अंगात येण्याच्या गोष्टींना तोटा नाही, पण अशा गप्पा सुरू झाल्या की मी आपला चहाचा कप घेऊन उठून जायचो. त्यामुळे हे लिहावं की नाही यात वर्ष गेलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती… का, ते पुढे कळेलच.

मी तळेगावला राहतो. मागच्या वर्षी मुलाला बंगळुरूला मुलगी झाली आणि बायको, वैशाली, तिकडे गेली ती तिकडेच रमली. घरात मी एकटा. जुनी कार कुरकुरायला लागली होती. मनात आलं, वापरलेली कॅम्परव्हॅन घ्यावी – आत झोपायची सोय, छोटा ओटा. रोज ऑफिसला न्यायची आणि सुट्टीत पवनेच्या काठी नाहीतर कोकणात जाऊन राहायचं.

"ऑफिसला काय घर घेऊन जाणार का तुम्ही?" वैशालीनं फोनवर विचारलं.

"घरात तरी कोण आहे?" मी म्हणालो.

ती म्हणाली, "सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल एवढीच बघा."

दोन गाड्या पाहिल्या. एक इतकी उंच की आमच्या गेटच्या कमानीला टेकली असती. दुसरीच्या गाद्यांना ओल्या गोणपाटाचा वास. तिसरी कुरवंड्याला, एका निवृत्त शिक्षिकेच्या अंगणात होती. आतलं सगळं लाकूडकाम त्यांच्या यजमानांनी स्वतः केलेलं. आता त्यांना गाडीची पायरी चढवत नव्हती. ते ओसरीवर बसून आमच्याकडे नुसतं बघत होते.

ओट्यावर एक लहानशी पाणसळ स्क्रूनं बसवली होती – गवंडी वापरतात तशी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. मुक्कामाला गाडी सपाट उभी आहे की नाही, ते बघायला. बाई डाव्या दारातून आत चढल्या तशी गाडी त्या बाजूला किंचित दबली आणि बुडबुडा उजवीकडे सरकला. उतरल्या, तसा तो मधोमध आला.

"हिच्यापुढे वजन लपत नाही," त्या हसल्या. "दोन दिवस वापरा, मग सांगा. आणि एक्सप्रेस-वेनं नेऊ नका. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. जुन्या रस्त्यानं न्या."

जुना रस्ता… तोच तर मी टाळत होतो.

आमचं गाव कामशेतपासून आत आहे. आई गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, तिथे एकटेच राहायचे. मी रोज सकाळी जुन्या हायवेनं कामाला जायचो तेव्हा ते फाट्यावर येऊन थांबायचे. पाच मिनिटं चहा, चार शब्द, की मी पुढे. आबांची एक सवय होती. माझ्या गाडीत बसताना ते चपला बाहेर काढायचे, देवळात शिरावं तसं, आणि हातात घेऊन आत बसायचे. चार वर्षांपूर्वी त्यांना डोळे दाखवायला तळेगावला न्यायचं होतं. मागून ट्रक हॉर्न मारत होता, मी "चला, चला" करत होतो. दवाखान्याच्या चकचकीत फरशीवर बघतो तर आबा अनवाणी! चपला फाट्यावरच राहिल्या होत्या.

मी सगळ्यांसमोर ओरडलो. "गावंढळपणा कधी सुटणार तुमचा?"

"चांगली गाडी तुझी… चिखुल लागंल म्हनून," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी गाडीत बसायचं नाव काढलं नाही. एकदाच, चहा पिता पिता म्हणाले, "मला ने की येकदा. तू कुटं बसतो, काय करतो, बघू दे." मी म्हणालो, बघू. मला कारखान्यातल्या लोकांसमोर त्यांचं ते धोतर, ती सवय नको वाटली. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढे मला ती पाच मिनिटंही जड व्हायला लागली. मी एक्सप्रेस-वेनं जाऊ लागलो. आबांना फोनवर सांगितलं, जुन्या रस्त्याचं काम काढलंय. महिन्यातून एखादा रविवार गावी जायचो, तेव्हाही ते खोटं तसंच ठेवलं. आठ महिन्यांनी ते साध्या तापानं गेले. दहाव्याला फाट्यावरचा चहावाला किसन भेटला. "आबा रोज यायचं," तो म्हणाला. "मी म्हनायचो, आबा, रस्त्याचं काम कुटं हाय? तर म्हनायचं, आसंल पुढं कुटंतरी. झालं की येईल ह्याच रस्त्यानं."

तर ती व्हॅन घेऊन, आबा गेल्यावर दीड वर्षानं, मी पहिल्यांदा जुन्या रस्त्याला लागलो. सकाळचे साडेआठ, स्वच्छ ऊन. कामशेतच्या फाट्याजवळ आतल्या कपाटाचं दार उघडून धाडधाड आपटायला लागलं. मी बाजूला थांबलो. नेमकं तिथेच का, असं विचाराल तर दुसरीकडे जागा नव्हती एवढंच सांगेन. डावं दार सरकवून आत वाकलो, कपाटाची कडी लावली. कोपऱ्यावर किसनची टपरी दिसत होती. तिकडे जायचं धैर्य झालं नाही. नुसताच उभा राहिलो मिनिटभर, मग दार ओढून घेतलं, वळसा घालून स्टीअरिंगवर बसलो.

दरवाजा लावतोय तोच गाडी डावीकडे दबली. हळूच. म्हातारं माणूस आधी एक पाय ठेवतं, दम घेतं, मग दुसरा… तशी, दोनदा. मी मागे बघितलं. कोणी नव्हतं.

रस्ता उतरता असेल म्हणून निघालो. कार्ल्याच्या पुढे उखडलेल्या रस्त्यावर माझ्याही नकळत मी खड्डे चुकवत सावकाश चालवत होतो. कारखान्याच्या आवारात काँक्रीट आहे, एकदम सपाट. तिथे गाडी लावली, उतरलो आणि काचेतून पाणसळ पाहिली. बुडबुडा उजवीकडे होता. दोन मिनिटं पाहत राहिलो. हलेना. पाण्याची टाकी मी सकाळीच रिकामी केली होती.

मग मी जे केलं ते कोणाला सांगितलं नाही. डावं दार उघडलं आणि दारालगतच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणालो, "आबा, आलं लोनावळं. हितंच असतो मी. त्यो समोर काटा हाय ना, त्याच्या बाजूच्या टेबलाव."

गाडी उचलली गेली. आधी थोडी, मग पूर्ण. बुडबुडा मधोमध.

"साहेब, कोणाशी बोलताय?" गेटवरच्या वॉचमननं हाक मारली. "फोन होता," मी म्हणालो. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता.

संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत आलो. अजून उजेड होता. कामशेतला, सकाळी जिथे थांबलो होतो नेमकं तिथे, डांबराच्या कडेला चपलांचा एक जोड होता. जुन्या, टाचेला झिजलेल्या. शेजारी शेजारी नीट काढलेल्या, जशा उंबऱ्याशी काढतात. त्या आबांच्या होत्या असं मी म्हणत नाही. आबांच्या चपला आम्ही चितेवर त्यांच्याबरोबरच दिल्या होत्या. हायवेवर कोणाच्याही चपला पडलेल्या असतात. पण भुताची भीती मला वाटली नाही. मला एवढंच सुचलं की मी त्यांना परत अनवाणीच नेलं. या वेळीही चपलांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे काही नव्हतं.

गाडी मी घेतली. मेकॅनिकला दाखवली, स्प्रिंगा ठीक आहेत म्हणाला. त्याच काँक्रीटवर डाव्या सीटवर गुळाच्या ढेपा ठेवून पाहिल्या. पंचेचाळीस किलोला बुडबुडा त्या दिवशीच्या जागेवर येतो. शेवटी शेवटी आबा तेवढेच भरत होते. याचा अर्थ काय, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. उठून जाणार नाही.

आता रोज जुन्याच रस्त्यानं जातो. फाट्यावर थांबतो, किसनकडे दोन चहा सांगतो. तो एक माझ्या हातात देतो, दुसरा शेजारी ठेवतो. मग मी डावं दार उघडतो आणि पायरीशी उभा राहून हळू आवाजात म्हणतो, "आबा, चपला घालूनच बसा."

दार लावतो, स्टीअरिंगवर बसण्याआधी काचेतून पाणसळ बघतो.

वर्ष झालं. बुडबुडा मधून हललेला नाही.